बाकीचे कवा येणार

फडताळात अंथरलेला पेपर बदलताना जुन्या कागदाचा वास आला. त्यात आमची बातमी होती: ‘वाद्ये कमी पडल्याने कार्यक्रम रंगला नाही.’

तेव्हा वरवंडच्या जत्रेत आम्ही तिघं पोस्ट-पंक नावाचं विलायती रॉक वाजवत होतो. एक गिटार, एक ड्रम, माझी बेस गिटार. मोजकेच सूर आणि मध्ये मुद्दाम सोडलेली शांतता. त्या शांततेत पुढं बसलेले एक आप्पा काळजीनं म्हणाले, "बाकीचे वाजवणारे कवा येणार?" आम्ही हसू दाबलं. सगळे आलेलोच होतो.

काल शिक्रापूरच्या कामगार पोरांनी त्यांचं गाणं पाठवलं. "सर, तुमच्या कॅसेटवरनं शिकलो." त्यात तीच शांतता होती.

आमचा ड्रमवाला वारला, गिटारवाला फोन उचलत नाही. मी खोलीत एकटाच, दोघांच्या जागा सोडून वाजवतो आणि मधल्या शांततेत दाराकडं बघतो.