एका झटक्यात

"एका झटक्यात गेला. तरास न्हाई झाला."

दौंडला रेल्वेखाली कुणी गेलं, की रडत आलेल्या नातेवाइकांना मामा हे वाक्य सांगत. मी रेल्वे पोलिसांत रायटर, पंचनामे आणि जबाब लिहिणारा. मामा, म्हणजे सगळ्या ठाण्याचे मामा, प्रेतं उचलणारे. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती. लंगडी मेंढी उचलावी तसं ते माणसाला अलगद उचलत. व्हिडिओ काढणाऱ्या पोरांवर मात्र खेकसत, "लगीन हाय व्हय रं, शूटिंग काढायला?"

नातेवाइकांना आधी चहा, मग सही, हा त्यांचा नियम. मी घाई केली की माझं पेन खुशाल स्वतःच्या खिशात घालत. असा राग यायचा!

एकदा मी चिडवलं, "मामा, तुमच्याकडं सगळेच एका झटक्यात कसे हो जातात?"

"मग काय सांगू साहेब? तुमी सांगा."

तुम्हीही अशी खोटं बोलणारी माणसं पाहिली असतील. त्यांच्या खोट्याला पाप म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी पाटसच्या बाजूला डेमू गाडीतून एक पोरगा पडला. मांडवगण फराटा गावचा, पुण्याला कंपनीत जाणारा. मेला असं समजून मामांना बोलावलं, तर अजून जीव होता. अ‍ॅम्ब्युलन्स फाटकात अडकलेली. जीव जाईपर्यंत अर्धा तास मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, बाटलीच्या झाकणानं पाणी पाजत. पोरगा बापाला हाका मारत होता, "दादा, दादा." जबाबात मामांनी हे सगळं सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी सही केली. कागदावर मामा कधी खोटं बोलले नाहीत.

संध्याकाळी बाप आला. मामांनी चहा दिला आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. त्यानंतर म्हाताऱ्याच्या घशाखाली दोन घोट उतरले.

महिन्यानं तो कागदांची नक्कल न्यायला आला. मामा माझ्या टेबलावर वाकून कुजबुजले, "साहेब, माझा जबाब नका दिऊ त्यास्नी."

"मामा, नियम आहे. हक्क आहे त्यांचा."

"हक्क हाय वो. पर बाप हाय ना त्यो."

मी दिला. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

म्हातारा बाकावर बसून अक्षरावर बोट ठेवत वाचत होता. एका ओळीवर बोट थांबलं ते थांबलंच. बऱ्याच वेळानं त्यानं कागदाची घडी केली आणि बाहेर गेला. मामा पायरीवरून उठले.

"सांभाळा आप्पा. एका झटक्यात..."

म्हाताऱ्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "व्हय, व्हय. तुमी सांगितलं तवाच जीव थाऱ्यावर आला." मग ते हात न सोडता म्हणाला, "पाणी पाजलंत त्याला. लई उपकार झाले."

म्हातारा एसटी स्टँडकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मामा ठाण्यात आले नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, "आता कुणाच्या तोंडाकडं बघून बोलाया जमायचं न्हाई, साहेब."

आता ठेकेदाराची माणसं येतात. हातमोजे घालतात, काम चोख करतात. नातेवाईक मलाच विचारतात, "साहेब, फार त्रास झाला का हो त्याला?" मी मान खाली घालून लिहीत राहतो.