वाटाड्या नको म्हणाला होता

बहरैनच्या मनामा शहरात, बाब अल बहरैन या जुन्या वेशीमागच्या गल्लीत, मी एका ट्रॅव्हल एजन्सीत कारकून होतो. तिकिटं, व्हिसाचे फॉर्म, टेलेक्स आणि टाइपरायटर, एवढ्यातच माझा दिवस जायचा. मूळचा मी रायगडातल्या खाडीकाठच्या गावचा. शाळा मराठी, घरात आमची कोकणी बोली आणि मदरशात शिकलेली उर्दू. त्या उर्दूमुळेच मी या प्रकरणात ओढला गेलो, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सौदीला जोडणारा समुद्रावरचा कॉजवे अजून व्हायचा होता, पण परदेशी बँका आल्या होत्या. त्यांचे गोरे अधिकारी दर हिवाळ्यात स्कीइंग करायला युरोपात जात. आमचा मॅनेजर इंग्रज. त्याच्या डोक्यात आलं, की यांना काश्मीरला न्यावं. दाबून सपाट केलेल्या उतारांवर नव्हे, तर वर, जंगलापलीकडे, जिथे कुणाचं पाऊल पडलेलं नसतं आणि बर्फ कमरेइतका खोल, पिठासारखा भुसभुशीत असतो. त्याने दुकानाच्या काचेमागे स्कीची एक जोडी उभी केली. बाहेर ऑगस्टचा दमट उकाडा, आणि येणारे-जाणारे थांबून विचारत, की या फळ्या कशाच्या.

सहलीचं माहितीपत्रक मीच टाइप केलं. सात दिवस, सहा जण, सोबत अनुभवी स्थानिक गाइड. खाली अटी होत्या. त्यातली एक अशी, की डोंगरावर गाइडचा शब्द अखेरचा राहील. सहाही जणांनी तिच्याखाली सह्या केल्या. कागद मीच फाइलला लावले.

निघायच्या आठवड्यात मॅनेजरने मला सांगितलं, की तूही जा. गाइडला इंग्रजी जेमतेम येतं, तुला उर्दू येते, शिवाय कागदपत्रं सांभाळायला कुणीतरी हवं. मी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. बायकोने दोन स्वेटर विणायला घेतले, एक पुरा झाला. विमानतळावर मॅनेजरने मला बाजूला घेऊन सहा जणांतल्या एकाकडे बोट केलं. तो एका बँकेचा मोठा अधिकारी होता. त्याच्या बँकेतल्या सगळ्यांची तिकिटं आमच्याकडून निघत. याला खूश ठेव, मॅनेजर म्हणाला, बाकीचं मफी मुश्किल, काही अडचण नाही.

गाइड पन्नाशीचा होता. सडपातळ, दाढी करडी, चेहरा उन्हाने आणि थंडीने रापलेला. तरुणपणी लष्कराच्या पथकांना डोंगरात वाट दाखवत दाखवत तो शिकला होता. मी त्याला चाचा म्हणायला लागलो, तो मला भाईजान म्हणायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने प्रत्येकाला लाल नायलॉनची लांब दोरी दिली. ती कमरेला बांधायची आणि मागे सोडून द्यायची. अंगावर बर्फ कोसळला तर माणूस गाडला जातो, पण हलकी दोरी वर राहते आणि शोधणाऱ्याला सापडते. पाच जणांनी मुकाट्याने बांधल्या. बँकवाल्याने आपली दोरी उचलून हसत विचारलं, की मी काय शेळी आहे का. मी ते भाषांतरित केलं नाही. चाचाला ते कळलं असावं.

पहिले तीन दिवस छान गेले, हे मी नाकारणार नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून ते तासन्‌तास चढत. पट्ट्यांचे केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. वर पोहोचल्यावर पट्ट्या काढायच्या आणि एकेकाने उतरायचं. चाचा आधी उतरे, सुरक्षित जागी थांबे, हात वर करी, मग पुढचा निघे. मला स्की येत नव्हती. मी खाली जंगलाच्या कडेला, मेंढपाळांच्या रिकाम्या झोपडीत चहाचे थर्मास घेऊन बसायचो. तिथून वरचा उतार स्वच्छ दिसे. माणसं इतकी अलगद उतरत, की मागे बर्फाचा धुरळा तेवढा उठे आणि आवाज म्हणून नसे. मलाही वाटलं, की हे एकदा आपल्याला यायला हवं होतं.

मग दोन दिवस सतत हिमवर्षाव झाला, वारंही सुटलं. सगळे हॉटेलात अडकले. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळंभोर. सगळ्यांना घाई झाली होती. चाचा मात्र झोपडीपाशी थांबला आणि फावड्याने उतारात छातीइतका खोल खड्डा खणला. मला आत बोलावून खड्ड्याची भिंत दाखवली. वरचा थर जाड आणि दाबून बसलेला, त्याच्याखाली सुटे, टपोरे दाणे. हात लावला तर आमच्याकडच्या मिठागरातल्या खड्या मिठासारखे ओघळले. वरचं ओझं या दाण्यांवर बसलंय, चाचा म्हणाला, आणि हे दाणे कशालाच धरून नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात दरड येते, त्यामुळे तो काय म्हणतोय ते मला लगेच कळलं.

वर गेल्यावर उतरायच्या दोन वाटा होत्या. उजवीकडे जंगल, डावीकडे झाडं नसलेली मोठी वाटीसारखी उतरण. तिला चाचा कटोरा म्हणायचा. सगळ्यांना कटोराच हवा होता.

चाचा मला म्हणाला, "साहब से कहो, आज कटोरे में नहीं जाना है. बर्फ नीचे से खोखली है."

मी इंग्रजीत सांगितलं, की गाइडला वाटतं, आज जंगलातून उतरलेलं बरं. बँकवाला म्हणाला, की आम्ही एवढ्या लांब झाडं बघायला आलो नाही. चाचाने माझ्याकडे पाहिलं. मी सौम्य करून सांगतोय हे त्याने ओळखलं असणार, कारण या वेळी त्याने शब्दावर जोर देऊन पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा तेच गोड करून पुढे केलं. तेव्हा तो स्वतः बँकवाल्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला येत असलेल्या चार शब्दांत म्हणाला, "नो, सर. नॉट टुडे."

बँकवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आणि मी हसलो. म्हणालो, की तो जरा जास्त काळजी घेणारा माणूस आहे. हे वाक्य मी का उच्चारलं ते मला ठाऊक आहे. याला खूश ठेव, असं मला सांगितलं होतं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. इतरांवर मी चिडतो तेव्हा त्यात माझाही वाटा आहे, हे मी विसरलेलो नाही.

बँकवाल्याने खांदे उडवले, आणि जंगलातूनच उतरायचं, असं ठरून ते वर गेले. दोन तासांनी ते कड्यावर टाचणीएवढे दिसले. चाचा उजवीकडे वळून झाडांच्या वरच्या टोकाशी थांबला, हात वर केला. पहिला आला, दुसरा आला. तिसरा बँकवाला. तो चार वळणं उजवीकडे आला आणि मग सरळ डावीकडे, कटोऱ्यात शिरला.

त्याची पहिली काही वळणं सुंदर होती. मग त्याच्या वर, आडवी, एक रेघ उमटली. आवाज नंतर आला, जड दरवाजा लागावा तसा. रेघेखालचा सगळा उतार एकदम हलला, त्याच्या फळ्या झाल्या, फळ्यांचा धूर झाला. धूर बसला तेव्हा तिथे माणूस नव्हता.

चाचा तोपर्यंत निघाला होता. वर अजून तेवढाच बर्फ लटकत होता, तरीही तो त्या उतरणीत शिरला. मी झोपडीतून धावत सुटलो, मांडीपर्यंत रुतत, पडत. मी पोहोचलो तेव्हा आधी उतरलेली दोन गिऱ्हाइकं स्कीच्या काठ्या उलट्या धरून बर्फात खुपसत होती आणि चाचा खणत होता. वर लाल दोरी कुठेच नव्हती. ती बँकवाल्याच्या खिशात घडी करून ठेवलेली नंतर सापडली. चाचाला दिसला होता तो फक्त एका हातमोज्याचा कोपरा. अर्ध्यात फावड्याचा दांडा मोडला, तेव्हा त्याने पातं हातात धरून खणलं. चेहऱ्यापाशी आल्यावर पातं लागू नये म्हणून ते टाकलं, हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी बर्फ बाजूला केला. बँकवाल्याचा चेहरा निळा पडला होता. चाचाने त्याच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला. थोड्या वेळाने तो माणूस खोकला.

त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दोन स्की बांधून स्लेज केली आणि ओढत खाली आणलं. इस्पितळात बँकवाल्याच्या शेजारच्याच खोलीत चाचाच्या हातांवर पट्ट्या बांधत होते. डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती. बँकवाल्याने त्याला बोलावलं नाही, की त्याच्याविषयी विचारलंही नाही.

बहरैनला परतल्यावर तीन आठवड्यांनी मॅनेजरने मला एक मसुदा टाइप करायला दिला. तो काश्मीरच्या पर्यटन खात्याला जायचा होता. गाइडने धोक्याची कल्पना दिली नाही, उतरण सुरक्षित असल्याचं सांगितलं, त्याच्याकडची साधनं निकृष्ट होती, त्याचा परवाना रद्द व्हावा. मी टाइप करत गेलो. शेवटी ओळ होती, की सोबतच्या दुभाष्याची साक्ष जोडली आहे. दुभाष्या म्हणजे मी.

मी कागद मशीनमधून काढला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, की हे असं झालं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, की बँकेच्या विम्याला असं काहीतरी लागतं, त्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय. मी फाइल काढून सहा सह्यांचा कागद दाखवला. त्याने तो बघितलाही नाही. तुझा व्हिसा आमच्या नावावर आहे, एवढंच म्हणाला.

मला राग आला, आणि त्याचबरोबर भीतीही वाटली. मुलगी ईसा टाउनच्या शाळेत नुकती पहिलीत गेली होती. घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, की तो माणूस काय म्हणाला होता. मी सांगितलं. "मग तेच लिहा," ती म्हणाली, "दुसरं काय लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी मी थेट एजन्सीच्या मालकाकडे गेलो. ते बहरैनी गृहस्थ, सत्तरीचे, मोती काढणाऱ्या गलबतांवर वाढलेले. ऑफिसात क्वचित येत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये खुणेनेच नीट सांग म्हणाले. मग विचारलं, की गलबतावर कप्तान असतो तसा वर नाखुदा कोण होता. मी म्हटलं, गाइडच. "आणि नाखुदा नको म्हणाला?" मी हो म्हटलं. ते तसबीचे मणी ओढत होते. शेवटी म्हणाले, की तू सही करू नकोस, तुझ्या व्हिसाला कोणी हात लावणार नाही, खलास, विषय संपला.

मी उठलो, तेव्हा वाटलं की जिंकलो. पण मालकांनी पत्र थांबवलं नाही. बँकेचं काम त्यांनाही हवं होतं. माझी साक्ष न जोडता ते पत्र त्याच आठवड्यात गेलं. मला तिकिटांच्या टेबलावरून उचलून मागच्या गोदामात माहितीपत्रकं बांधायला बसवलं.

मी माझा जबाब हाताने लिहिला. चाचा काय म्हणाला, मी काय सांगितलं, कुठे सौम्य केलं, मी हसलो ते, सगळं. रजिस्टर पोस्टाने पर्यटन खात्याला पाठवला, एक प्रत उर्दूत चाचाला. खात्याकडून दोन ओळी आल्या, की पत्राची नोंद घेतली आहे. चाचाचं पत्र उन्हाळ्यात आलं. त्याचा परवाना पुढच्या हिवाळ्यापुरता रोखला होता आणि तो लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून बसत होता. माझ्या जबाबामुळे कायमचा रद्द झाला नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. डाव्या हाताचं एक बोट पेरापासून गेलं होतं. हे सगळं त्याने दोन ओळींत उरकलं होतं. बाकी पत्रात चौकशी होती, की साहेबांचा पाय नीट जुळला का.

ते वाचून मला जितका संताप आला, तितका त्या मसुद्यानेही आला नव्हता. मी पत्राला उत्तर दिलं, पाय जुळल्याचं कळवलं.

दीडेक वर्षाने एका शुक्रवारी आम्ही दोन-तीन कुटुंबं झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मुलं पाण्यात होती. बँकवाला काठी टेकत वाळूतून येताना दिसला, सोबत त्याची बायको आणि पाहुणे. मला ओळखून तो खुशीत थांबला. बायकोला म्हणाला, की हाच तो, आमच्याबरोबर होता. कसला गाइड मिळाला होता आम्हाला, सांग हिला. तो हसत होता आणि मीही हसावं अशी त्याची अपेक्षा होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, गाइडने त्यांना नको म्हणून सांगितलं होतं. शेवटचं तर इंग्रजीत, तोंडावर. दोरी त्यांनी खिशात ठेवली होती. उघड्या हातांनी त्यांना उकरून काढताना त्या माणसाचं बोट गेलं."

बँकवाल्याचा चेहरा लाल झाला, तो घाईने काहीतरी पुटपुटला आणि काठी रोवत पुढे निघाला. त्याची बायको मात्र जागची हलली नाही. तिने मला विचारलं, "त्या गाइडचं नाव काय?"

मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाठ केला. पुढे तिने काही केलं का, मला माहीत नाही. पण एवढ्या काळात पहिल्यांदा कुणीतरी ते नाव मला विचारलं होतं.