आवाज उशिरा येते, बाबा

आजही त्या हेडफोनचं नाव निघालं का माह्यं टाळकं सरकते. दुकानदाराचा राग येते, त्याच्या गोड गोड बोलण्याचा येते. पण खरा राग कोणाचा येते, ते सांगून टाकतो. सांगतल्याबिगर तो उतरत नाही.

आर्णीले माह्यं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, तिची बहुतेक रातपाळी. म्हणजे दिवसा ती झोपणार अन् आम्ही घरात चोरासारखे वावरणार. घर दोन खोल्यांचं, मधल्या दाराले नीट कडीही लागत नाही. अशा घरात माह्या पोरीले इलेक्ट्रिक गिटारची हौस. तेव्हा ती अकरावीले होती. तिचा मावसभाऊ नोकरीसाठी पुण्याले गेला, त्यानं आपली जुनी गिटार तिले देऊन टाकली. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी पोरापोरींचा एक ग्रुप तयार होऊन राह्यला होता, त्यात हिले वाजवाचं होतं. बस, तेवढंच तिचं मागणं.

पोरगी माह्यापेक्षा हुशार. मोबाईलवर पाहून पाहून तिनं शोधून काढलं का मोठा स्पीकर घ्याची गरजच नाही. काडेपेटीएवढी एक डबी येते, ती गिटारच्या वायर लावाच्या भोकात थेट खोचाची अन् डबीले हेडफोन लावाचा. आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. बाहेर तारांची नुसती तुणतुण, तेवढ्यानं आईची झोप मोडत नाही. डबी तिनं मागवलीही. हेडफोनसाठी मले चिठ्ठी लिहून देल्ली: कान पूर्ण झाकणारा, अन् वायरचा. 'वायरचा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी यवतमाळले सुटे भाग आणाले गेलतो. मोबाईलच्या दुकानात शिरलो अन् मले ती चिठ्ठी दाखवाची लाज वाटली. आता याले काय म्हणावं! दुकानदार म्हणे, "काका, आजकाल वायर कोण वापरते? हा ब्लूटूथवाला घ्या. संग हे बटनाएवढं यंत्र, हेडफोनच्या कोणत्याही भोकात लावा, आवाज हेडफोनमध्ये जाते, वायरीची कटकट खतम." मीही म्हटलं, आपली पोरगी काय वायरी गुंडाळत बसन? भाव ऐकून घाम फुटला, पण तोरा काही उतरला नाही. घेतला.

पहिल्याच दिवशी पोरगी म्हणाली, "बाबा, आवाज उशिरा येते."

मी हसलो. "आवाज कायले उशिरा येईन? हात उशिरा पडत असन तुहा."

आता हे बोलणारा मी कोण? तर मी भजन मंडळात खंजिरी वाजवतो. लोक म्हणतात, याचा ठेका हलत नाही. झालं, तेवढ्यावर मी घरचा गुरुजी झालो. दुपारी जेवाले आलो का मधलं दार लोटून घ्याचो, बोटानं पाटावर हलकेच ठेका धराचो अन् तिले म्हणाचो, वाजव. हेडफोन तिच्या कानावर, मले नुसती तारांची तुणतुण ऐकू याची. अन् दरवेळी तिची तार माह्या ठेक्याच्या आधी वाजाची.

"धावू नको!" मी दबक्या आवाजात खेकसाचो.

ती थांबाची, पुन्हा धराची, पुन्हा पुढं.

"अवं, धावू नको म्हणतो ना! कुत्रं लागलं का मागं?"

"पण बाबा, माह्या कानात तर बरोबर येते."

"कानात बरोबर अन् बाहेर चूक, असं असते का कुठं?"

असते ना, भैताडा, असते! पण तेव्हा मले कोण सांगणार. एक दिवस तर मी बोलून गेलो, "तुले तालच नाही, बेटा. तो रक्तात असावा लागते." अरे, पण तिच्यात रक्त कोणाचं, हे तरी आठवाचं का नाही! त्या दिवसापासून आवाज उशिरा येते हे म्हणणं तिनं सोडून देल्लं.

गॅदरिंगच्या सरावात सरांनी तिले मोठ्या स्पीकरवर वाजवाले लावलं. आधी तार छेडाची सवयच तिच्या हाताले लागली होती. दोनदा ऐकून सर म्हणाले, ही पुढं पुढं पळते, हिले खुर्च्या मांडाले घ्या. पोरं हसली. ती घरी आली, जुन्या चादरीत गिटार गुंडाळून कपाटावर ठेवून देल्ली. अन् मी, तिचा बाप, जेवता जेवता म्हणतो, "मी तर सांगतच होतो."

उन्हाळ्यात बायको म्हणाली, ती गिटार धूळ खाऊन राह्यली, विकून टाका. गिऱ्हाईक याच्या आधी चालू आहे का पाहावं म्हणून मी ती खाली काढली. डबी खोचली, तिले ते बटनाएवढं यंत्र लावलं, हेडफोन घातला, अंगठ्यानं एक तार ओढली. अंगठा तारेवरून सुटला, मग आवाज आला. मग! पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. पापणी लवाले लागते तेवढाच उशीर, पण होता. मोबाईलसंग आलेला जुना वायरचा इअरफोन खणात पडला होता, तो डबीले लावून पाह्यला. बोट अन् आवाज एकदम.

कानात उशिरा येणारा आवाज माह्या ठेक्यावर बसावा म्हणून पोरगी हात आधी टाकत होती. तिचा ताल चुकतच नव्हता. मी विकत आणलेला दोष ती रोज भरून काढून राह्यली होती, अन् वरून माह्या शिव्या खात होती. माह्या दुकानात कोणी म्हणते गाडी झटके मारते, तर मी आधी प्लग पाहतो, कार्बोरेटर खोलतो. तुले गाडी चालवता येत नाही, असं आजवर एकाही गिऱ्हाईकाले म्हटलं नाही. घरच्या पोरीले म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळले जाऊन दुकानदारावर ओरडलो. तो म्हणे, "काका, हा गाणे ऐकाचा आहे. वाजवाले पाह्यजे, असं तुम्ही बोलले होते का?" नव्हतो बोललो. चिठ्ठी खिशात ठेवून मोठेपणा करत उभा होतो. आणखीच भडकलो, कोणावर ते समजेना, अन् वायरचा हेडफोन घेऊन आलो. तो आधीच्यापेक्षा स्वस्तही पडला, हेही ऐकून घ्या.

पोरीले सगळं सांगतलं. चूक हेडफोनची होती, माही होती, तुही नव्हती. मले वाटलं चिडन, भांडन, हातातलं फेकून मारन. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मले वाटे, माह्या कानालेच काही झालं. तुम्ही म्हणत होते ना."

आता ती वाजवते. चांगली वाजवते, कुठं हलत नाही. पण थोडं वाजवलं का थांबते, एका कानावरचा हेडफोन सरकवते अन् माह्याकडं पाहते. "बरोबर आहे ना, बाबा?" मी ठेका धरत नसतो, काही नाही, नुसता जेवत असतो. तरी विचारते. मले नको विचारत जाऊ, असा एकदा खेकसलो, तर दोन दिवस गिटारले हात लावला नाही तिनं. म्हणून आता मी हो म्हणतो. रोज हो म्हणतो, तेव्हा कुठं ती हेडफोन पुन्हा कानावर ओढते.