छाती कोनी शे?

जळगावात छातीची ऑपरेशनं करते म्हटल्यावर घरी जेवताना कुणीतरी विचारतंच, "आज कोण आलं होतं?" सांगता सांगता बरीच माणसं साठलीत.

फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला, गाठ लहान असली, तर बहुधा दोन रस्ते असतात. फुप्फुसाचा गाठ असलेला अख्खा खंड, म्हणजे मोठा भाग, काढायचा, नाहीतर गाठीभोवतीचा छोटा भागच. छोट्यात श्वास जास्त राखला जातो, पण प्रत्येकाला ते पुरत नाही.

अमळनेरचे एक निवृत्त प्राध्यापक नेटवरचं सगळं वाचून आले. भरपूर प्रश्न विचारून शेवटी म्हणाले, "मॅडम, माझ्या जागी तुमचे वडील असते तर?"

"सर, त्यांनी माझं ऐकलंच नसतं."

त्यांच्या पत्नी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, "हेही ऐकणार नाहीत. तुम्ही तारीख द्या."

चोपड्याच्या नानांबरोबर तीन मुलं आली. थोरला म्हणे अख्खा खंड काढा, मधला म्हणे छोटं करा, धाकट्याला मुंबईच हवी. माझ्यासमोरच जुंपली. मग नाना म्हणाले, "छाती कोनी शे?"

छाती कोणाची? तिघेही नानांकडे वळले.

"मनी शे ना? मंग छोटं करा, बाई."

त्यांची गाठ कडेला होती. छोटं पुरलं.

धुळ्याकडच्या एक अक्का नवऱ्याला, भाऊंना, घेऊन आल्या. गाठ अक्कांच्या फुप्फुसात होती; त्यांनाही छोटंच हवं होतं. मी म्हटलं, "आत वेगळं दिसलं तर मोठं करावं लागेल. तुम्ही भुलीत असाल. कोणाला विचारू?"

नवरा उठून उभा राहिला. अक्का म्हणाल्या, "ह्यास्ले नका इचारू. ह्या घाबरी जातीन. तुम्हीच ठरवा."

ऑपरेशन चालू असतानाच जवळची एक ग्रंथी तपासून घेतली. आजार तिथवर गेला होता. अख्खा खंड काढला. बाहेर येऊन भाऊंना सांगितलं. ते खाली बसले.

पुढची औषधं संपवून अक्का तपासणीला आल्या. रिपोर्ट चांगले होते. मी विचारलं, "दम कसा आहे?"

"चालाले बरा शे. पन मी लगीनमा गाना म्हनस ना, तठे पुरत नही. आते दोन ओळी मी म्हनस, तिसरी ह्या म्हनतस."

मी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "गानानी चाल माले आजून जमत नही."