ताप नाही

गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात दर मंगळवारी आरोग्य खात्याचा एक माणूस यायचा. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. पाण्याच्या ड्रमात उजेड पाडून तो डासांच्या अळ्या शोधायचा आणि भिंतीवर गेरूने लिहायचा, 'अळी नाही, ताप नाही.' अक्षर फार सुरेख.

एकदा तो आला तेव्हा आई तीन दिवसांपासून तापाने फणफणत होती आणि ड्रमात अळ्या वळवळत होत्या. तरी त्याने तेच लिहिलं. मी भडकलो.

"आवो, ताप लिहिला की साहेब मलाच झापतेत," तो म्हणाला. "तुमी कावून तापता?"

मग बाह्या सारून त्याने ड्रम उपडा केला, घासून काढला आणि आम्हा दोघांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटभर आईला "मावशी, नीट धरून बसा," म्हणत होता.

डॉक्टरांनी गाव विचारलं. मी बोलायच्या आत त्याने शेजारच्या गावाचं नाव सांगितलं.

आई बरी झाली. त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. दोन दिवसांत धूर मारायचं मशीनही आलं, शेजारच्या गावात.