हिरड्या आणि दूध संस्थेची खुर्ची

माहेर-सासर दोन्हीकडच्या घरांत मिळून बी.ए. झालेली मी एकटीच. खरं आहे म्हणून सांगते. गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा नोंदणीसाठी तालुक्याला खेटे मीच घातले. त्यामुळं अध्यक्षपदावर माझाच हक्क, असं मी धरून चालले होते. पण बायका जमायच्या माझ्या धाकट्या जावेभोवती. ती सातवी शिकलेली. तिच्याकडं काय होतं? दात. तोंडभर हसायची, एवढंच.

मी हसताना पदर तोंडावर घ्यायचे. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, भाकरीच्या तुकड्यालाही लाल लागायचं. तोंडाला वासही येत असावा, कारण मी बोलू लागले की बायका मान वळवायच्या.

आमच्याकडं यावर औषध एकच, मिसरी. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड रक्त येईल तिथं दाबून धरायची आणि तिथं ब्रश लावायचा नाही. सासूबाईंनी हेच शिकवलं, मीही तेच करत राहिले. त्या वर्षी दुष्काळ पडला, तशी मिसरी आणखी वाढली. भूक मरते तिनं. जाऊ मात्र तिला शिवायची नाही. "मला गरगरतं," म्हणायची. तिच्या गरगरण्याचासुद्धा मला हेवा वाटायचा.

निवडीची सभा जवळ आली तशी मी बीडला गेले. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात दाखवलं. दातांच्या कडेला दगडासारखं किटण साचलं होतं.

"ह्यानंच हिरडी सुजते. रक्त येतं म्हणून तुम्ही घासत नाही, मग आणखी साचतं. वर मिसरी."

साखरेचा आजार आहे का, दिवस गेलेत का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलं. त्यानंही रक्त येतं म्हणे. माझं तसलं काही नव्हतं. त्यांनी किटण काढलं. सकाळी आणि झोपताना मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेनं, हलक्या हातानं घासायला सांगितलं. फटी दोऱ्यानं साफ करायच्या. मिसरी बंद.

घरी सासूबाई म्हणाल्या, "रगत येतंय तिथंच घासतीस? शिकून येडी झालीस का काय?"

जाऊ म्हणाली, "घासू द्या, आत्याबाई. बी.ए.चे दात हायेत ते."

तोंडात फेस होता, मी घासतच राहिले.

मिसरी सुटता सुटेना. डोकं दुखायचं, मी सगळ्यांवर खेकसायचे, पण शेवटी सुटली. रक्तही हळूहळू कमी झालं, मग थांबलं.

सभा दुष्काळासाठी उघडलेल्या जनावरांच्या छावणीवरच भरली, कारण बायका आणि गाई दोन्ही तिथंच होत्या. मी तोंडावर पदर न घेता बोलले. दुधाचा भाव, पेंड, सगळं. कुणी मान वळवली नाही. मग हात वर झाले ते जावेसाठी.

एक म्हातारी मला समजावत म्हणाली, "तिच्यासंगं बोलाया भ्या वाटत न्हाई. तू लई शिकलेली हायस, बाई."

म्हणजे दातांचा प्रश्नच नव्हता.

पुढं तालुक्याच्या दूध संघात बैठक लागली. जाऊ म्हणाली, "आक्का, बोलायचं तुमी. मी नुसती बसते."

मी गेले, बोलले, पेंड मंजूर करून घेतली. संघाच्या साहेबांनी पहिला चहा जावेपुढं ठेवला. "घ्या, अध्यक्ष मॅडम." मलाही मिळाला, नंतर. गोड लागला नाही.