झाकण न लावलेलं कृष्णविवर

लग्न जमलं तर जे माझे सासरे होणार होते, त्यांच्या अंगावर मी मिक्सरभर ताक उडवलं.

कुरुंदवाडचे अप्पा लेकीला घेऊन आमचं राजारामपुरीतलं घर बघायला आले होते. (घर बघायचं म्हणजे मलाच बघायचं!) लेक गिरिजा पुण्यात खगोलशास्त्र शिकत होती. आधीची स्थळं माझ्या तोंडामुळंच मोडलेली, म्हणून आईचा सकाळपासून एकच धोशा, "कमी बोल!"

पण अप्पांनीच विचारलं, "पोरीच्या अभ्यासातलं काय कळतंय का, पावणं?"

"कळतंय की!" मी म्हणालो. आईनं डोळे मिटले.

गिरिजा सरसावून बसली. "मग सांगा. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव. त्याच्या मधोमध गिळत बसलेलं अवाढव्य कृष्णविवर. तरी दोघं संगतीनंच वाढतात. कसं काय?"

मला घाम फुटला. आदल्या दिवशी सायबर कॅफेत यावरचंच पान उघडलं होतं. ते पडद्यावर अर्धं उतरलं आणि लाईट गेली! समोर टेबलावर आईनं पाहुण्यांच्या ताकासाठी मिक्सर मांडलेला. झालं!

"हे ताक म्हणजे दीर्घिका. मधलं पातं म्हणजे विवर." खटका एकवर. मधोमध सुरेख भोवरा पडला. अप्पा कौतुकानं भांड्यावर वाकले. "बघा, कसं सगळं आत ओढतंय!" आणि (इथंच थांबलो असतो तर!) मी खटका तीनवर नेला.

"मुडद्या, झाकण!" आई किंचाळली.

अप्पांच्या मिशीतून कोथिंबीर लोंबत होती. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या. ते उठले आणि चाचपडत चपला शोधू लागले. आई भिंतीला टेकली. मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागलो, दुसरं काय करणार!

"अप्पा, थांबा की," गिरिजा म्हणाली. "उत्तर हेच हाय. ज्या वायूतनं तारे घडतात, तोच विवर खातंय. पण लई भराभर गिळाय लागलं की भोवतीचा तापलेला वायू असाच बाहेर उडतोय. मग विवराला खायला न्हाय, अन् नवे तारे घडायला बी माल न्हाय. म्हणून दोघांची वाढ एकमेकांच्या बेतानं."

"मी हेच म्हणणार होतो!" मी खालून म्हणालो.

एका पायात चप्पल घातलेले अप्पा गरजले, "पोरी, ह्याला त्यातलं कायबी कळत न्हाय!"

गिरिजानं माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडं बघितलं.

"व्हय की. पण कळणारं माणूस घरात एक बास, अप्पा. दुसरं पुसायला लागतंयच की!"